काक्रापारची अणुभट्टी : वीज गेली तर भट्टीला आवरणार कोण?

तापीकाठ (शहादा)

सर्वांना नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या वर्गात केंद्रकीय विखंडन शिकवून झाल्यावर एका मुलाने विचारले, “सर, आपल्या शेतातली वीज दिवसाआड जाते. तशी काक्रापारची गेली, तर त्या भट्टीला आवरणार कोण?” नियंत्रक कांड्या न्यूट्रॉन शोषून घेतात आणि अभिक्रिया आटोक्यात ठेवतात, असे मी सांगितले, पण हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे मला सांगतानाच कळत होते. कांड्या खाली-वर कोण करतो, किती करायच्या हे कोण ठरवतो आणि ठरवणाराच बंद पडला तर काय होते, यातले मी काहीच सांगितले नव्हते.

काक्रापार आपल्याला परके नाही. प्रकाशा गावाच्या घाटावरून पुढे गेलेले तापीचे पाणी उकाईच्या धरणात साठते आणि त्याच नदीवर आणखी खाली हे केंद्र आहे. तेथे २२० मेगावॉटची दोन युनिटे १९९० च्या दशकापासून आहेत, तर ७०० मेगावॉटच्या दोन युनिटांचे व्यापारी उत्पादन २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाले. या क्षेत्रात काम केलेले कोणी येथे असतील, तर त्यांनी मुलांना समजेल आणि मलाही समजेल अशा पद्धतीने लिहावे, ही विनंती.

चोपड्याचा इन्स्ट्रुमेंटवाला

सर, दाबयुक्त जड पाण्याच्या (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असते, त्या पाण्याच्या) भट्टीवर, म्हणजे काक्रापारला आहेत त्याच जातीच्या भट्टीवर, मी सत्तावीस वर्षे इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्समध्ये काढली. आधी थेट उत्तर देतो आणि मग तपशिलाकडे वळतो.

वीज गेली तर भट्टी बंद होते. बंद होण्यासाठी तिला वीज लागत नाही. चालू राहण्यासाठी लागते. २२० मेगावॉटच्या भट्टीवर कॅडमियमचा थर असलेल्या चौदा शटडाउन कांड्या भट्टीच्या माथ्यावर टांगलेल्या असतात. त्यांना वर धरून ठेवणारा क्लच विद्युतचुंबकीय असतो. त्या चुंबकाचा प्रवाह तुटला, मग तो कोणी मुद्दाम तोडलेला असो, फ्यूज गेलेला असो की केबल जळालेली असो, क्लच सुटतो आणि कांड्या स्वतःच्या वजनाने काही सेकंदांत भट्टीत उतरतात. कॅडमियम न्यूट्रॉन इतक्या आवडीने खाते की विखंडनाची साखळी तेथेच थांबते.

केळीचा मळा (सारंगखेडा)

इन्स्ट्रुमेंटवाले भाऊ, मी शेतकरी माणूस आहे, चुकत असेन तर सांगा. आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. हिरवे बटण दाबले की कॉइल कॉन्टॅक्ट ओढून धरते आणि लाइट गेली की कॉन्टॅक्ट स्प्रिंगने सुटतो. लाइट परत आली तरी मोटार आपोआप चालू होत नाही, कोणीतरी जाऊन बटण दाबावे लागते. तुम्ही सांगता ते तत्त्व हेच का?

चोपड्याचा इन्स्ट्रुमेंटवाला

नाना, अगदी हेच. फरक एवढाच की तुमच्या कॉइलमागे स्प्रिंग आहे आणि तेथे गुरुत्वाकर्षण आहे. आमच्या भाषेत याला ‘बिघडले तर सुरक्षित बाजूला बिघडावे’ असे म्हणतात. भट्टीचा जवळजवळ प्रत्येक संरक्षक रिले (विजेच्या प्रवाहावर चालणारा स्विच) याच पद्धतीने जोडलेला असतो: निरोगी स्थितीत प्रवाह चालू आणि धोक्याच्या स्थितीत प्रवाह बंद. त्यामुळे वायर तुटली तरी ती धोक्याचीच सूचना ठरते. पुष्कळांना वाटते की मोठे लाल बटण दाबले की कोठेतरी वीज जाऊन काहीतरी कार्य घडते; प्रत्यक्षात ते बटण वीज काढून घेते.

प्राजक्ता (धुळे)

काका, मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बंद कसे होते ते समजले, परंतु चालू असताना शक्ती स्थिर कशी ठेवतात, ते समजत नाही. एका विखंडनातून दोन-तीन न्यूट्रॉन निघतात आणि पुढच्या विखंडनापर्यंत सेकंदाचा हजारावा भागसुद्धा जात नाही, असे वाचले आहे. इतक्या वेगाने वाढू शकणाऱ्या गोष्टीचा पाठलाग मोटारीवर चालणारी कांडी कशी करू शकेल? माझ्या प्रकल्पातला साधा तापमान-नियंत्रकसुद्धा मर्यादेपुढे जाऊन मागे येतो.

चोपड्याचा इन्स्ट्रुमेंटवाला

प्राजक्ताताई, खरे सांगायचे तर सगळेच न्यूट्रॉन ताबडतोब निघत असते, तर कांडीला पाठलाग करता आलाच नसता. युरेनियमच्या विखंडनातून निघणाऱ्या दर हजार न्यूट्रॉनांपैकी साधारण सहा उशिरा येतात. विखंडनाच्या तुकड्यांपैकी काही अस्थिर अणू आधी स्वतः क्षय पावतात आणि मग न्यूट्रॉन सोडतात; त्यातल्या सर्वांत रेंगाळणाऱ्या गटाचा अर्धायुकाल जवळजवळ ५५ सेकंद आहे. हे सहा न्यूट्रॉन नसते तर अणुवीज केंद्र बांधता आले नसते, असे मी नवीन मुलांना नेहमी सांगत असे.

हिशेब करून पाहा. जड पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉनची एक पिढी साधारण एक सहस्रांश सेकंदाची धरा आणि प्रत्येक पिढीत हजारी एक एवढीच वाढ होते असे माना. सगळे न्यूट्रॉन तत्काळ असते, तर एका सेकंदात शक्ती पावणेतीन पट झाली असती. उशिराच्या न्यूट्रॉनांमुळे तेवढ्याच वाढीला मिनिटभर किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. एका मिनिटात मोटार, झडप आणि माणूस या तिघांनाही काम करता येते. अट एकच, की भट्टीला दिलेली ढील, म्हणजे दर पिढीतली वाढ, त्या हजारी सहाच्या आत राहिली पाहिजे. म्हणून नियमन यंत्रणेच्या कांड्यांचा वेग आणि एकूण आवाका मुद्दाम कमी ठेवलेला असतो. कांडी चुकून पूर्ण वेगाने बाहेर निघाली तरी संरक्षण यंत्रणेला हाताशी वेळ राहावा, असा तो हिशेब असतो.

शक्ती मोजण्यासाठी भट्टीबाहेर आयन चेंबर असतात. ते न्यूट्रॉन मोजतात आणि तत्काळ सांगतात, पण त्यांचे सांगणे सापेक्ष असते. पाण्याने प्रत्यक्षात किती उष्णता उचलली, हे प्रवाह आणि तापमान यांवरून काढता येते. तो आकडा खरा, पण सावकाश मिळणारा. म्हणून चपळ मापकाला सावकाश पण प्रामाणिक मापकाने अधूनमधून दुरुस्त करत राहायचे, अशी व्यवस्था असते. या दोघांचे जुळवून देण्यात माझ्या अनेक शिफ्ट गेल्या आहेत.

निवृत्त ऑपरेटर (भुसावळ)

मी कोळशाच्या केंद्रात कंट्रोल रूममध्ये होतो. अणुभट्टीत काम केलेले नाही, परंतु बाहेरच्या लोकांच्या एका समजुतीबद्दल लिहावेसे वाटते. त्यांना वाटते की ऑपरेटरचे सगळे लक्ष कांड्यांवर असते. माझे तेथे काम करणारे मित्र सांगतात की त्यांचाही जीव सर्वांत जास्त खाणारी गोष्ट आमचीच आहे: पाण्याची पातळी. आमच्याकडे बॉयलर ड्रमची आणि त्यांच्याकडे भट्टीच्या उष्णतेवर वाफ तयार करणाऱ्या स्टीम जनरेटरची.

एका औष्णिक केंद्रातला माझा स्वतःचा अनुभव सांगतो. रात्रपाळी होती, टर्बाइनवर लोड अचानक वाढले आणि ड्रममधील दाब पडला. दाब पडला की उकळत्या पाण्यातले बुडबुडे फुगतात. पाणी प्रत्यक्षात कमी होत असते आणि काटा मात्र पातळी वाढल्याचे दाखवतो. शेजारच्या नव्या मुलाने स्वयंचलित नियंत्रण काढून घेतले आणि फीडवॉटरची, म्हणजे ड्रममध्ये पाणी सोडणारी, झडप आवळली. मी “थांब, ते खोटे आहे” म्हणेपर्यंत बुडबुडे बसले, पातळी खाली गेली आणि युनिट ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. त्या मुलाची चूक होती असे मी आजही म्हणत नाही, कारण त्याने काट्यावर विश्वास ठेवला. यासाठीच तीन गोष्टी एकत्र पाहणारे नियंत्रण असते: पातळी, जाणारी वाफ आणि येणारे पाणी. वाफ वाढली की पातळी काही का म्हणेना, पाणी वाढवायचे.

१९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे याहून वाईट झाले. दाब सोडणारी झडप उघडीच अडकली होती आणि कंट्रोल रूममधील दिवा मात्र ती बंद असल्याचे सुचवत होता, कारण तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवत नव्हता. झडपेला बंद होण्याचा आदेश गेला एवढेच दाखवत होता. ऑपरेटरांनी पाणी पुरेसे आहे असे समजून आपत्कालीन पाणी कमी केले आणि भट्टीतल्या इंधनाच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला.

प्राजक्ता (धुळे)

म्हणजे आदेश आणि प्रतिसाद वेगवेगळे मोजले पाहिजेत. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही आउटपुट पिनवरचाच एलईडी बघून ‘मोटार चालू’ असे वहीत लिहितो. आता वाचून लाज वाटली.

तापीकाठ (शहादा)

इन्स्ट्रुमेंटवाले दादा, एक गोष्ट स्पष्ट करावी. शक्ती कमी-जास्त करणाऱ्या कांड्या आणि भट्टी बंद करणाऱ्या कांड्या एकच असतात, की वेगळ्या? पुस्तकातल्या आकृतीत एकाच प्रकारच्या दाखवलेल्या असतात.

चोपड्याचा इन्स्ट्रुमेंटवाला

सर, ती आकृती पाहून माझ्या मुलालाही तसेच वाटले होते. आमच्या भट्टीत या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि वेगळ्या असणे हाच सगळ्या रचनेचा कणा आहे.

एक नियमन यंत्रणा. तिचे काम रोजचे: सांगितलेली शक्ती राखणे. २२० मेगावॉटच्या भट्टीत त्यासाठी मोटारीवर चालणाऱ्या थोड्या कांड्या पुरतात. ७०० मेगावॉटच्या भट्टीचा गाभा इतका मोठा आहे की एका कोपऱ्यात शक्ती वाढून दुसऱ्या कोपऱ्यात घटू शकते आणि एकूण आकडा मात्र तोच राहतो. म्हणून गाभ्याचे चौदा विभाग कल्पून प्रत्येकात साध्या पाण्याचा एकेक कप्पा ठेवलेला असतो. साधे पाणी जड पाण्यापेक्षा न्यूट्रॉन जास्त शोषते; ज्या विभागात शक्ती वाढली, तेथील कप्प्यात पाण्याची पातळी थोडी चढवायची. चौदा टाक्यांची पातळी संगणक दिवसरात्र राखत असतो. यात भर म्हणजे नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम भाग फक्त ०.७ टक्के असल्याने इंधनाची गंगाजळी फार नसते, त्यामुळे भट्टी चालू असतानाच फ्यूएलिंग मशीनने इंधनाचे बंडल बदलत राहावे लागतात. तो बदलसुद्धा एक प्रकारचे संथ नियंत्रणच आहे.

दुसरी संरक्षण यंत्रणा. तिला शक्ती राखण्याशी कर्तव्य नाही. तिला फक्त मर्यादा ठाऊक आहेत: शक्ती फार, वाढीचा वेग फार, दाब फार किंवा कमी, प्रवाह कमी, स्टीम जनरेटरची पातळी कमी. यातली कोणतीही ओलांडली की ट्रिप. तिचे मापक, तिच्या केबल आणि तिचे पॅनल नियमन यंत्रणेपासून स्वतंत्र असतात. ती एकटीही नाही. तिच्यामागे आणखी एक उभी आहे. २२० मेगावॉटच्या भट्ट्यांत दुसरी शटडाउन यंत्रणा बोरॉनयुक्त द्रव उभ्या नळ्यांत चढवते, तर ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांत गॅडोलिनियम नायट्रेटचे द्रावण थेट मॉडरेटरच्या, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या, जड पाण्यात दाबाने सोडले जाते. एकीत घन कांड्या पडतात, दुसरीत द्रव शिरतो. एकाच कारणाने दोन्ही अडकू नयेत म्हणून ही भिन्नता.

केळीचा मळा (सारंगखेडा)

आमच्याकडे ऑटो स्विच मोटार चालू करतो आणि फेज गेली तर प्रिव्हेंटर ती बंद करतो. गेल्या उन्हाळ्यात प्रिव्हेंटर सारखा पाडतो म्हणून मी त्याला वायर मारून बाद केले आणि चौथ्या दिवशी वाइंडिंग जळाले. तिकडे असे कोणी करत नाही का? सारखी ट्रिप झाली तर वैतागून?

चोपड्याचा इन्स्ट्रुमेंटवाला

नाना, तुमचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खोट्या ट्रिपचा वैताग तेथेही असतो आणि वैतागलेला माणूस बायपास शोधतो, हे रचनाकारांना ठाऊक असते. त्यावरचा तोडगा म्हणजे तीनपैकी दोन. प्रत्येक गोष्ट तीन स्वतंत्र मापक मोजतात आणि किमान दोघांनी धोका म्हटल्याशिवाय भट्टी बंद पडत नाही. एक मापक खोटे ओरडला तर भट्टी चालू राहते. एक मापक मुका झाला तर उरलेले दोघे काम करतात. शिवाय एका वेळी एक चॅनल, म्हणजे एका मापकाची स्वतंत्र जोडणी, ट्रिपमध्ये टाकून चालू भट्टीवर चाचणी घेता येते. माझी निम्मी नोकरी या चाचण्यांत गेली: ‘अ’ चॅनलला खोटा सिग्नल द्यायचा, रिले पडल्याचा ‘टक्’ आवाज ऐकायचा, वेळ लिहायची, पूर्ववत करायचे, कंट्रोल रूमला फोन करून सांगायचे आणि मगच ‘ब’ला हात लावायचा. दोन चॅनलला एकाच वेळी हात लावणाऱ्याची गय नसते. बायपास करायचाच असेल, तर किल्ली शिफ्टच्या प्रमुखाकडे असते आणि किल्ली फिरली की पॅनलवर दिवा लागतो. गुपचूप वायर मारण्याची सोय ठेवलेली नाही.

स्वतंत्रतेची किंमत कळावी म्हणून काक्रापारचेच उदाहरण देतो. १० मार्च २००४ रोजी पहिल्या युनिटमध्ये नियमन यंत्रणा निकामी झाली आणि शक्ती कोणी न सांगता ७३ टक्क्यांवरून जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत चढली. अखेर स्टीम जनरेटरमधील तापमानाच्या फरकाची मर्यादा ओलांडल्यावर संरक्षण यंत्रणेने भट्टी बंद केली. अणुकेंद्रांतील घटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर ही घटना दुसऱ्या पातळीची ठरली. दोन्ही कामे एकाच यंत्रणेवर सोपवलेली असती तर काय झाले असते, हे वेगळे लिहायला नको. तरीही रखवालदाराने पकडले म्हणून दार उघडे राहिल्याचा दोष जात नाही, असे माझे मत आहे. नियमन यंत्रणेने स्वतःहून शक्ती वाढू देणे हे अपयशच होते.

निवृत्त ऑपरेटर (भुसावळ)

दादा, एक आक्षेप नोंदवतो. तुम्ही पहिल्या प्रतिसादात ‘वीज गेली तर भट्टी बंद होते’ असे लिहिले. सरांचा विद्यार्थी तेवढ्यावर समाधान मानेल आणि ते अर्धवट राहील. कोळसा थांबवला तर आमची भट्टी विझते. तुमची विझत नाही. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रातल्या आगीबद्दल आपण काहीच लिहिले नाही.

चोपड्याचा इन्स्ट्रुमेंटवाला

आक्षेप मान्य आहे, आणि तो राहून गेला असता तर चूक माझी असती.

साखळी थांबली तरी विखंडनाचे तुकडे क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. २२० मेगावॉटच्या युनिटची औष्णिक शक्ती सुमारे ७५० मेगावॉट असते. बंद झाल्याच्या क्षणी तिच्या सहा-सात टक्के, म्हणजे ४५ ते ५० मेगावॉट उष्णता शिल्लक असते. तासाभराने ती दहा मेगावॉटच्या आसपास येते आणि दिवसानंतरही तीन-चार मेगावॉट राहते. या उष्णतेला कोणतीही कांडी थांबवू शकत नाही, ती पाण्याने उचलावीच लागते. म्हणून थांबवण्यासाठी वीज लागत नसली तरी थंड ठेवण्यासाठी लागते. केंद्रात विजेचे चार वर्ग मानलेले असतात: चौथा वर्ग बाहेरच्या ग्रिडचा आणि स्वतःच्या जनरेटरचा, तिसरा डिझेल जनरेटरचा, दुसरा अखंड पुरवठ्याचा आणि पहिला बॅटरीचा. आकडा जितका लहान तितका पुरवठा अधिक भरवशाचा. कंट्रोल रूमचे दिवे आणि मापक शेवटच्या आधारावर, म्हणजे बॅटरीवर, जगतात.

३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटली, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन गळला आणि आग लागली. आग केबलमधून पसरली आणि हे चारही वर्ग गेले, कारण स्वतंत्र म्हणवणाऱ्या पुरवठ्यांच्या केबल जवळजवळ अंथरलेल्या होत्या. कागदावरच्या आकृतीत त्या वेगळ्या होत्या, ट्रेमध्ये शेजारी होत्या. केंद्र सुमारे सतरा तास पूर्ण अंधारात होते. धूर शिरल्याने कंट्रोल रूम सोडावी लागली. भट्टी मात्र ऑपरेटरांनी पहिल्याच मिनिटात बंद केली होती. नंतर काही जण टॉर्च घेऊन वर चढले आणि गुरुत्वाकर्षणाने बोरॉनचे द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या, म्हणजे भट्टी थंड होताना पुन्हा जागी होऊ नये. डिझेलवर चालणारे अग्निशमन पंप लावून त्यांचे पाणी स्टीम जनरेटरमध्ये सोडले गेले आणि गाभ्यातले जड पाणी पंपाशिवाय, गरम पाणी वर व थंड पाणी खाली या नियमाने, स्वतःच फिरत राहिले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्यानंतर केबलचे मार्ग वेगळे करण्याचे आणि आग रोखणारे अडथळे बसवण्याचे मोठे काम झाले. मी स्वतः कित्येक महिने केबल ट्रेचे नकाशे आणि प्रत्यक्ष ट्रे ताडून पाहत फिरलो आहे; नकाशावर विश्वास ठेवायचा नाही, हाताने केबल धरून टोकापर्यंत जायचे, अशी तेव्हा ताकीद होती.

प्राजक्ता (धुळे)

काका, शेवटचा प्रश्न. खोटी ट्रिप झाली आणि दहा मिनिटांत कारण सापडले, तर भट्टी लगेच चालू करता येते का?

चोपड्याचा इन्स्ट्रुमेंटवाला

दहा मिनिटांत सापडले तर कदाचित. अर्ध्या तासानंतर बहुधा नाही. चालू भट्टीत आयोडिन-१३५ साठलेले असते आणि त्याचे झेनॉन-१३५ बनते, जे न्यूट्रॉन शोषण्यात कॅडमियमलाही मागे टाकते. भट्टी चालू असताना न्यूट्रॉनच त्याला जाळत राहतात. बंद झाली की जाळणारे कोणी उरत नाही आणि दहा-अकरा तासांपर्यंत झेनॉन वाढत जाते. मग सगळ्या नियमन कांड्या बाहेर काढल्या तरी साखळी धरत नाही आणि दीड दिवस वाट पाहत बसावे लागते. ट्रिप झाल्यावर कंट्रोल रूममध्ये जो ताण असतो, त्यातला मोठा भाग या घड्याळाचा असतो. अशा वेळी घाई करू न देणे हे शिफ्टच्या प्रमुखाचे खरे काम.

केळीचा मळा (सारंगखेडा)

सर, माझ्या जळालेल्या मोटारीचा स्टार्टर घरी पडून आहे, कॉइल शाबूत आहे. येत्या बाजाराला शहाद्याला येणार आहे, तेव्हा शाळेत आणून देतो. वीज काढली की कॉन्टॅक्ट कसा पडतो, ते मुलांना दाखवा.

चोपड्याचा इन्स्ट्रुमेंटवाला

नाना, स्टार्टर उघडून दाखवायला हरकत नाही, पण ती कॉइल ४१५ व्होल्टची असेल, वर्गात तिला जोडू नका. सर, प्राजक्ताताईंकडून चोवीस व्होल्टचे तीन रिले मागवून घ्या आणि तीनपैकी दोनची जोडणी करा: अ-ब, ब-क आणि क-अ अशा संपर्कांच्या तीन जोड्या, जोडीतले दोन एकामागे एक आणि तिन्ही जोड्या समांतर. पुढे एक विद्युतचुंबक आणि त्याला चिकटलेला खिळा. त्या मुलालाच वायर काढायला सांगा. एक काढली तर खिळा पडणार नाही, कोणतीही दुसरी काढली की पडेल.